धुवून वापरायचा फिल्टर

ज्यातून उजेड आरपार येतो, त्यातून धूळ का येत नाही?

नीरजाला हा प्रश्न पडला तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती आणि तिच्या हातात जीपचा नवाकोरा एअर फिल्टर (इंजिनात शिरणारी हवा गाळणारी चौकट) होता. पातळ सुती कापडाचे काही थर, त्यांना पाडलेल्या चुण्या आणि दोन्ही अंगांनी तारेची जाळी. उन्हासमोर धरला की कापडात उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसत. ठिपका दिसतो म्हणजे तिथे भोक आहे. आणि या माळावरची धूळ तर पिठाहून मऊ! ती या भोकांतून हसत हसत निघून जाईल की!

"आत्या, हा फिल्टर सगळा भोकाभोकांचा आहे," नीरजा म्हणाली.

"हं," आत्या म्हणाली.

सुमेधाआत्याचं हे 'हं' नीरजाच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं. आत्या धुळीची शास्त्रज्ञ. अरबस्तानच्या वाळवंटातून उठून, समुद्र ओलांडून आपल्याकडे किती धूळ येते, हे मोजायला माणदेशातल्या एका उजाड माळावर वेधशाळा बांधली होती, आणि तिथे आत्या एकटीच राहायची. नीरजाचे आई-बाबा वर्षभरासाठी अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात गेले, तेव्हा अकरा वर्षांची नीरजा आत्याकडे आली. आत्या काही वाईट नव्हती. वेळेवर जेवायला घालायची, रात्री पांघरूण नीट करायची. पण सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की तिला जगाचा विसर पडे, आणि त्या जगात नीरजाही आली.

मग नीरजा बोलणार कुणाशी? सौर तक्त्यांवरची धूळ पुसत फिरणारा एक रोबो होता. त्याला कानच बसवलेले नव्हते. तरी नीरजा त्याच्या मागे मागे चालत त्याला दिवसभरातलं सगळं सांगत असे. तो तक्ता पुसून पुढे जाई. शाळा भिंतीएवढ्या पडद्यावर भरे. वर्गातली मुलं चौकोनाचौकोनांत दिसत, 'हजर' म्हणत, उत्तरं देत, आणि तास संपला की भिंत पुन्हा भिंत होऊन जाई. त्यानंतरची शांतता नीरजाला मुळीच आवडत नसे. खरं सांगायचं तर तिला त्या शांततेची भीती वाटे.

म्हणूनच ती शनिवारची इतकी वाट पाहत होती. शनिवारी शाळेचा भेटीचा दिवस होता. वर्षातून एकदाच सगळ्या चौकोनांतली मुलं खाली दहिवडीच्या मैदानावर खरोखरची जमत. खेळ, जेवण, गप्पा. दुपारी चारपर्यंत.

आता माळावरून खाली जायचं तर जीपशिवाय गत्यंतर नव्हतं. वेधशाळेला विजेवरची नवी गाडी केव्हाच मंजूर झाली होती, फक्त यायची तेवढी राहिली होती. तोवर उसाच्या इथेनॉलवर चालणारी जुनी जीप गोड मानून घ्यायची. तिला कंपनीचा कागदी फिल्टर लागे. तो इथल्या धुळीत बघता बघता गच्च होई, मग टाकून द्यायचा आणि दुसरा आणायचा. पण इंजिनाच्या गाड्या कमी झाल्या आणि कंपनीने ते फिल्टर बनवणंच बंद केलं. शेवटी आत्याने इचलकरंजीच्या एका कारागिराकडून हा सुती फिल्टर मापाने करून घेतला. धुवा, सावलीत वाळवा, तेल लावा, परत बसवा. असा वर्षानुवर्षं चालणारा. ड्रोनने तो अंगणात उतरवला, सोबत लाल तेलाची बाटली आणि माहितीचा कागदही. पण ड्रोनच्याच वाऱ्याने कागद जो उडाला तो थेट माळापलीकडे.

शुक्रवारी नीरजाला काही धीर धरवेना.

"आत्या, मी फिल्टर बसवू? आधी तेल लावायचं ना?"

"हं."

"थोडं लावू की सगळं?"

"हं."

आता 'थोडं की सगळं' याला 'हं' हे उत्तर होऊ शकत नाही, हे तुम्हा-आम्हाला कळतं. नीरजालाही कळलं होतं. पण पुन्हा विचारून पुन्हा 'हं' ऐकायचा तिला कंटाळा आला होता. तिला आई आठवली. दर रविवारी आई तिच्या टाळूवर तेल थापायची, कानामागे ओघळ यायला लागले तरी थांबायची नाही. "मुरू दे चांगलं," म्हणायची. मग नीरजानेही हात आखडता घेतला नाही. सगळी बाटली फिल्टरवर रिकामी केली, जीपचं बॉनेट उघडलं, जुना फिल्टर काढून नवा खोक्यात बसवला आणि खटके लावून टाकले.

शनिवारी सकाळी जीप माळ उतरली ती मजेत. नीरजा नव्या फ्रॉकमध्ये पुढे बसली होती. पण माळ उतरल्यावर मध्ये एक खिंड लागते. तिचा चढ सुरू झाला आणि इंजिन गचके खाऊ लागलं. आत्याने गियर बदलला, पुन्हा बदलला. चढाच्या मध्यावर जीपने एक उसासा टाकला आणि बंद पडली.

आत्याने बॉनेट उघडलं. फिल्टरच्या खोक्यातून लाल तेल ठिबकत होतं.

"नीरू, किती तेल लावलंस?"

"सगळं."

"सगळी बाटली? अगं, कुणी सांगितलं तुला?"

"तूच," नीरजा म्हणाली. "मी विचारलं, थोडं की सगळं. तू 'हं' म्हणालीस. तू नेहमी 'हं' म्हणतेस. मला इथे कुणीसुद्धा नाहीये बोलायला, म्हणून मला तिकडे जायचं होतं. आता नाहीच पोचणार मी."

आणि ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून रडायला लागली. खिंडीत दुसरं माणूस नव्हतं. वारा तेवढा होता, आणि त्याने आणलेली धूळ.

आत्याने बॉनेट तसंच उघडं सोडलं. मग येऊन तिच्याशेजारी दगडावर टेकली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुला सांगायला हवं होतं आणि मी ऐकलंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी कुणाशी न बोलता राहिलेय नीरू, की कुणी बोललेलं मला ऐकूच येत नाही. पण गाडी दुरुस्त होईल. तू मला मदत कर, आणि मी तुला सगळं सांगते. चालेल?"

नीरजाने नाक पुसलं. "फिल्टर काढूनच टाकू या ना. मग जाईल की गाडी."

"जाईल, आणि इंजिनाची वाट लागेल. इंजिनाला किती हवा लागते ठाऊक आहे? आपण जेवढं इथेनॉल जाळतो, त्याच्या वजनाच्या नऊपट! एवढ्या हवेबरोबर ही धूळही आत जाणार. ती म्हणजे बारीक पॉलिशपेपर. आतले धातूचे भाग घासून घासून झिजवून टाकेल. एवढ्या धुळीत उघड्या तोंडाने जायचं नाही."

आत्याने फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली आणि आतून बोटाएवढा एक भाग हलकेच बाहेर काढला. त्यात केसासारखी तार होती.

"हा सेन्सर (बदल टिपून कळवणारं उपकरण). इंजिनात किती हवा चाललीय हे हा मोजतो. कसं, सांग बघू? ही तार विजेने तापवलेली असते. आता बोट ओलं कर आणि त्यावर फुंकर मार."

नीरजाने फुंकर मारली. "गार लागतं."

"जोरात मार."

"आणखी गार."

"बोट ओलं असल्यामुळे तुला ते चटकन कळलं. तारेचंही तसंच. जितकी जास्त हवा, तितकी ती जास्त निवते. मग तिला पुन्हा तेवढीच तापवायला जास्त वीज लागते. किती वीज लागली यावरून गाडीचा संगणक ओळखतो, किती हवा आली, आणि त्या हिशेबाने इंधन सोडतो. आता तुझ्या फिल्टरचं जास्तीचं तेल उडून या तारेवर बसलं. वर धूळ चिकटली. तारेने पांघरूण घेतलं म्हण ना! मग तिला वारा लागणार कसा?"

नीरजा विचारात पडली. "म्हणजे हवा खूप येत होती, पण तारेला वाटलं थोडीच येतेय. म्हणून संगणकाने इंधनही थोडंच सोडलं. आणि चढावर तर जास्त लागतं!"

"बरोब्बर! घोडं तिथेच पेंड खात होतं."

सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पुसायला आत्याच्या पिशवीत नेहमी स्पिरिट असे. तिने ते तारेवर हळूच शिंपडलं. तारेला बोट लावायचं नाही, कारण ती एवढ्यानेही तुटते. मग दोघींनी फिल्टर टॉवेलात गुंडाळला आणि दाबून दाबून त्यातलं जास्तीचं तेल टिपून घेतलं. एकेक चुणी टिपता टिपता दोन-तीन तास गेले. टॉवेल लाल झाला, नीरजाचा नवा फ्रॉकही झाला. स्पिरिट उडून तार पुरती सुकेपर्यंत थांबणं भाग होतं. सूर्य डोक्यावरून कलला होता. मैदानावर आता जेवणं झाली असतील, खेळ सुरू असतील. नीरजाने फिल्टर उन्हासमोर धरला आणि आपला पहिला प्रश्न विचारला.

"या भोकांतून धूळ का जात नाही?"

या वेळी आत्या 'हं' म्हणाली नाही.

"तू एसटीत उभी आहेस आणि गाडीने एकदम वळण घेतलं, तर तुझं काय होतं?"

"मी बाजूला फेकली जाते."

"कारण तुझं शरीर सरळच चाललेलं असतं. याला म्हणतात जडत्व (चालत्या वस्तूची आहे त्या दिशेने जात राहण्याची खोड). फिल्टरमध्ये कापडाचे थर एकावर एक आहेत. हवेला धाग्याला वळसे घालत घालत पुढे जावं लागतं. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण तिच्यापेक्षा जड. त्याला वळण साधत नाही, तो जाऊन धाग्यावर आदळतो. आणि धाग्याला तेल असलं की तिथेच चिकटतो. काही कण वळतात, पण जाता जाता धाग्याला घासतात आणि अडकतात."

"आणि एकदम बारीक? ते तर हवेबरोबर वळत असतील."

"ते एका जागी स्वस्थ राहतच नाहीत! हवेचे अदृश्य कण त्यांना चहूकडून ढुसण्या देत असतात. ते असे तडमडत जातात आणि कुठेतरी धाग्याला भिडतात. निसटतात ते मधले. ढुसण्यांनी ढकलले जाण्याइतके लहान नाहीत, आणि वळण चुकण्याइतके मोठे नाहीत."

"म्हणजे फिल्टर ही चाळण नाहीच!"

"नाही. तो सापळा आहे. पण खरं ते सांगायला हवं. ते मधले कण कागदी फिल्टर यापेक्षा थोडे जास्त पकडतो. मात्र तो धुता येत नाही. याला वेळच्या वेळी धुवावं लागतं, तेल बेताने लावावं लागतं. अति तिथे माती. आत्ता बघितलंसच."

नीरजाला हसू आलं. आत्या एका दमात इतकं बोललेली तिने कधी ऐकली नव्हती.

तार सुकली. सगळं जागच्या जागी बसवलं. जीप दोनदा खोकली आणि चालू झाली, आणि खिंड चढून गेली.

पण दोघी मैदानावर पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. मंडप उतरवत होते, खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. मुलांपैकी कुणी नव्हतं. नीरजा जीपमधून उतरली आणि त्या रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली. सगळी आली होती आणि सगळी गेली होती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू नीरजा नव्हं?"

फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर दोन वेण्यांची एक मुलगी पाय हलवत बसली होती. तिला नीरजाने ओळखलं. पडद्यावर तिच्या शेजारच्या चौकोनातली रुबीना मुलाणी.

"पडद्यावर लई उंच दिसायचीस," रुबीना म्हणाली. "तू तर एवढीशीच हाईस! आन् उशीर का केलास गं? माझा दादा न्यायला यायचाय, म्हणून मी ऱ्हायले. आन् हे काय, कुंकू सांडलं का अंगावर?"

"तेल आहे," नीरजा म्हणाली, आणि तिच्याशेजारी कट्ट्यावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. रिकामी बाटली, तापलेली तार, ओल्या बोटावरची फुंकर, वळणावर फेकले जाणारे कण. रुबीना मध्ये मध्ये विचारत होती, "आन् मग?", "आसं का?" तिने स्वतःच्या बोटावर फुंकर मारून बघितली. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने एकदम आपलं नाक चिमटीत धरलं.

"आगं, मग ह्ये काय हाय? आत केसं हायती, वाट वाकडी हाय, आन् सगळं चिकट! धूळ लागली की शेंबूड काळा येतो का न्हाई?"

हे तर नीरजाला सुचलंच नव्हतं. तिने आत्याकडे पाहिलं.

"शाबास!" आत्या म्हणाली. "अगदी तेच. वाकडी वाट आणि चिकट भिंत. माणसाने कापडाचा फिल्टर आत्ता केला, नाक केव्हापासूनच आहे. आणि धुवून वापरायचंच!"

दोघी मुली इतक्या हसल्या की खुर्च्या उचलणारी माणसं वळून बघायला लागली.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. रुबीनाचा दादा आला होता. ती उडी मारून उठली, चार पावलं गेली आणि थांबली.

"त्यो फिल्टर परत कवा धुवायचा गं?"

"धूळ भरली की."

"म्हंजी कवा?"

नीरजाने आत्याकडे बघितलं. आत्याने मान वर करून पश्चिमेकडचं आभाळ शास्त्रज्ञाच्या नजरेने न्याहाळलं. तिथे धुळीचा मागमूसही नव्हता, निळंशार होतं सगळं.

"पुढच्या रविवारी," आत्या म्हणाली. "मी येते तुला न्यायला, रुबीना. घरी विचारून ठेव."