काचपेटीला ताप

चार वाजायला अजून दहा मिनिटं होती. रुची धापा टाकत मामाच्या भाजीच्या बाडीच्या फाटकाशी पोचली आणि थांबली. रोपांच्या तीन काचपेट्यांपैकी दोन आधीच बंद होत्या.

सकाळी साडेनऊला तिनं स्वतः एकेक झाकण उचलून त्याखाली वीट उभी केली होती. आता त्यांतल्या दोन विटा भिंतीशी नीट ओळीनं मांडलेल्या होत्या. कालही असंच झालं होतं, परवाही. मामाजी मधेच घाईत येऊन दोन झाकून गेले असतील, असं म्हणून तिनं तिसरी बंद केली, काचांवर पोती अंथरली आणि ती परत फिरली.

मामाजींना एकदा विचारावं, असं तिला वाटलं होतं. पण छोटेलालमामा आठ वाजताच मोटारसायकलला टोपल्या बांधून कुठल्या तरी गावच्या बाजाराला निघे आणि रात्री जेवला की आडवा होई. दुर्गामामी दिवसभर धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या कामात असे. विचारायला माणूस भेटेपर्यंत रुचीच्या मनातला प्रश्न शिळा होऊन जाई.

रुची गोंदियाजवळच्या कुडव्याची, सातवीतली. तिच्या धाकट्या भावाच्या, मोनूच्या कानाचं ऑपरेशन नागपूरला होतं. आईबाबा त्याच्याबरोबर गेले आणि नाताळच्या सुट्टीत रुचीला एकटीलाच सौंदडला मामाकडे पाठवलं. मामाच्या घरी चंचल होती, आठवीतली, आणि भूपेंद्र होता, पाचवीतला. पण त्यांचे खेळ ठरलेले होते, सोबती ठरलेले होते. विनोदसुद्धा ठरलेले, रुचीला त्यातलं निम्मं कळत नसे. ती हसायला लागेपर्यंत सगळे हसून मोकळे झालेले असत.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अरे यार, ये कौनसा खेल है?" तेव्हा चंचलनं ओढणी सावरत तिची नक्कल केली होती. "अरे यार! शहरवाली आली बापा."

"कुडवा कुठं शहर आहे?" रुची पुटपुटली, पण ते कुणी ऐकलं नाही.

म्हणून पेट्यांचं काम तिला आवडलं होतं. ते तिचं एकटीचं होतं. मामानं एका पाडलेल्या इमारतीच्या जुन्या खिडक्या आणल्या होत्या. विटांचे गुडघाभर उंच चौकोन रचून, दक्षिणेकडे उतार देऊन, त्यावर त्या खिडक्या झाकणासारख्या बसवल्या होत्या. आत वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपं. बाहेर पहाटे एवढी थंडी पडे की नळाच्या पाण्यानं बोटं आखडत. पेटीत मात्र बोटाएवढी रोपं हिरवीगार उभी असत. गावातले लोक आधी हसले होते; छोटेलाल आता भाजीले घर बांधून राहिला म्हणाले होते. नंतर त्यातल्याच दहा-बारा जणांनी रोपं सांगून ठेवली. संक्रांतीपर्यंत देतो, असा मामानं शब्द दिला होता.

"साडेनऊले उघडायचं, चारले झाकायचं," मामानं रुचीला बजावलं होतं. "विसरशील तर नाई?"

"नाही विसरणार, मामाजी."

ती विसरली नव्हती. एक दिवसही नाही.

सहाव्या दिवशी मामा बाजारातून लवकर आला आणि थेट बाडीत गेला. परतला तेव्हा त्याच्या तळहातावर मिरचीची चार रोपं होती. पानं फिकट, देठ लांबुडके, आणि मातीजवळ देठ पिचून काळे पडलेले.

"दोन पेट्या गेल्या," तो म्हणाला. "एकच उरली. रुची, तू झाकणं उघडतच नव्हती का?"

"उघडत होते. रोज."

"उघडली असती तर अशी घुसमटून मेली असती का? आत वाफ कोंडली पोरी. दिवसा हवा नाई भेटली तर हेच होते."

"पण चारच्या आधी तुम्हीच बंद करत होता ना?"

"मी?" मामानं तिच्याकडे पाहिलं. "मी दिवसभर बाजारात राहतो. मी कायले येऊ?"

चंचल आणि भूपेंद्र दारातून पाहत होते. मामानं रोपं उकिरड्यावर टाकली. "राहू दे," तो म्हणाला. "उद्यापासून मामी पाहील. तू खेळ."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. "राहू दे" म्हणणाऱ्याशी काय बोलणार?

संध्याकाळी आईचा फोन आला. मोनू बरा होता, पण डॉक्टर अजून चार दिवस थांबा म्हणत होते. "करमतं ना तुला तिथं?" आईनं विचारलं. रुची "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर स्टेशनाकडून गोंदियाच्या गाडीचा आवाज आला आणि विरत गेला. ती अंगणात तशीच उभी राहिली. आपण खरं बोललो, हे या सगळ्या गावात फक्त आपल्यालाच माहीत आहे, एवढं तिला कळत होतं. आणि ते फार थोडं होतं.

सकाळी ती मामीच्या आधीच बाडीत गेली. काम आपलं नसलं म्हणून काय झालं, पाहायला कुणी मनाई केली नव्हती. तिनं पोती काढली आणि काचांपुढे उकिडवी बसली. जगलेल्या पेटीच्या काचेवर धुळीचा सारखा थर होता. मेलेल्या दोन पेट्यांच्या काचा मधोमध स्वच्छ होत्या, जणू कुणी रोज पुसल्यासारख्या. धूळ होती ती फक्त कडेला. लाकडी चौकटीच्या खाचेत मुंग्यांची रांग लागली होती. रुचीनं रांगेच्या मागोमाग बोट नेलं. टोकाला पांढरट, वाळलेला, वाटाण्याएवढा कण होता, आणि त्याच्याजवळ एक चपटी बी.

"काऊन व, काय शोधून राहिली?"

मागे चंचल उभी होती. तिच्यामागे भूपेंद्र, हातात अर्धी भाकर. रुचीला वाटलं, आता नक्कल होणार. पण चंचल तिच्या शेजारी येऊन बसली.

"काल तू रडली नाई," चंचल म्हणाली. "खोटं बोलणारं माणूस लगेच रडते. हा भूप्या पाहा नं."

"मी कधी रडलो?"

"गप. हे काय आहे?"

रुचीनं बी दाखवली. चंचलनं ती उलटीसुलटी केली. "कोहळ्याची आहे." मग तिनं तो पांढरा कण चिमटीत चुरून हुंगला. "आणि ही उडदाची डाळ. वाटलेली."

"भुतानं डाळ वाटली," भूपेंद्र म्हणाला.

"भुताच्या घरी पाटा राहते का रे?"

रुची विचार करत होती. कोहळा आणि उडदाची डाळ. तिची आईसुद्धा थंडीत हे दोन्ही एकत्र करायची आणि गच्चीवर कापड पसरून... "वड्या," ती म्हणाली. "इथं कुणीतरी वड्या वाळवतं. उघड्या, तिरक्या काचेवर कापड टिकत नाही. म्हणून आधी झाकण पाडतं."

मामी आली, काही जगलंच तर म्हणून तिन्ही झाकणांखाली विटा लावून गेली. तिघं बाडीच्या कडेच्या तुरीत दडून बसली. दहा वाजले. भूपेंद्रची भाकर संपली. त्याला शिंक आली, ती चंचलनं त्याचं नाक दाबून परतवली.

मग कुंपणाच्या खिंडीतून सुशिलाआजी आली. पलीकडच्या घरात ती एकटीच राहत असे. डोक्यावर परात, खांद्यावर जुनं, विरलेलं, धुतलेलं लुगडं. तिनं परात खाली ठेवली, दोन पेट्यांच्या विटा हळूच काढल्या, भिंतीशी नीट लावल्या, झाकणं पाडली. वर लुगडं अंथरून ती त्यावर वड्या टाकू लागली. मधेच काचेवरून हात फिरवून म्हणाली, "आता उबेत राहा रे बापा. रोज उघडंच टाकून जातात तुमाले."

भूपेंद्र उठायला लागला. रुचीनं त्याची कॉलर धरली.

"चल नं, पकडू."

"पकडून काय? ती म्हणेल, मी तर रोपांना पांघरूण घातलं. मामाजी म्हणतील, सोड, म्हातारं माणूस आहे. झाकल्यामुळे रोपं मेली, हे तिला कळलं पाहिजे. आणि सगळ्यांना." रुचीनं क्षणभर विचार केला. "भूप्या, घरी तापमापक आहे? काखेत धरायचं?"

"आहे. मले ताप नाई पण."

"तुला नाही रे. पेटीला."

तो पळत गेला आणि पळत आला. तोवर आजी वड्या टाकून घरी गेली होती. बारा वाजता, ऊन चढल्यावर, रुचीनं आधी तिसऱ्या, उघड्या पेटीत रोपांच्या सावलीला तापमापक ठेवलं. ते वाजलं, पडद्यावर आलं 'लो'. म्हणजे मोजण्याइतकाही ताप नाही. मग तिनं वड्यांखालच्या झाकणाची कड जराशी उचलून ते आत सरकवलं. कोंदट, ओली वाफ तिच्या मनगटाला लागली. थोड्या वेळानं ते वाजलं. पडद्यावर 'हाय'.

"म्हणजे किती?" भूपेंद्रनं विचारलं.

"याच्या पट्टीच्या पलीकडे. एवढा ताप माणसाला आला तर तो वाचत नाही."

भूपेंद्र पेटीकडे पाहत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "मग आपण हिले दवाखान्यात नेऊ का?"

रुची हसली. सौंदडला आल्यापासून पहिल्यांदा ती बाकीच्यांच्या बरोबरीनं हसली.

तीन वाजता सुशिलाआजी वड्या उचलायला आली, तर तिघं पेटीशी बसलेली.

"आजी," चंचल अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "आत कोणी तरी आजारी आहे. तुमाले नाडी समजते नं? जरा हात घालून पाहता का?"

"काय चावटपणा लावला व?" असं म्हणत आजीनं हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं माय, चूल पेटवली का आत?"

"नाही आजी," रुची म्हणाली. "ऊन आहे ते. काचेतून आत जातं आणि झाकण बंद असलं की बाहेर पडत नाही. रात्री थंडीपासून वाचायला हीच ऊब लागते. पण दिवसा थोडी हवा नाही मिळाली, तर रोपं उकडतात." तिनं मेलेली ओळ दाखवली. "ही अशी."

आजी खाली बसली. तिनं एक पिचलेला देठ उचलून पाहिला.

"मी म्हणत होती, थंडीनं मरतील लेकरं," ती म्हणाली. "आणि माझ्या छपरावर वांदर एक वडी टिकू देत नाई. म्हटलं, दोन्ही कामं होतील. मलेच समजलं नाई." मग तिनं रुचीकडे मान वळवली. "छोटेलाल तुले बोलला का?"

रुचीनं वड्या उचलायला लुगड्याचं एक टोक धरलं.

संध्याकाळी मामाची मोटारसायकल अंगणात थांबली, तेव्हा आजी ओट्यावर बसलेलीच होती. मामा उतरायच्या आधीच तिनं सुरुवात केली. "पोरीचा दोष नाई गा छोटेलाल. तुझी रोपं मी उकडली. ही रोज उघडत होती, मी रोज झाकत होती. डोळे तुझे, माझे, मोठ्यांचे, सगळ्यांचे होते. पाहिलं फक्त हिनं. असं पोर घरात आहे तर त्याच्याशी दोन गोष्टी बोलत जा नं बापा."

मामानं हेल्मेट काढलं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना. मामी दारात आली होती. तिनंच ते हातातून घेतलं.

"आजीच्या वड्यांचं काय?" भूपेंद्रनं विचारलं.

"दोन पेट्या रिकाम्याच आहेत," रुची म्हणाली. "त्यातल्या एकीत मिरची पुन्हा पेरू. दुसरीवर आजी वड्या वाळवू देत."

"पेरून संक्रांतीले येईल?" मामानं तिला विचारलं. खरंच विचारलं.

"नाही येणार. पंधरा-वीस दिवस उशीर होईल. लोकांना तसं सांगावं लागेल."

"सांगतो," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलं होतं. साडेनऊ वाजले तरी काचांवरचं पाणी सुकलं नव्हतं. मामा बाजाराला गेला नव्हता. तो जगलेल्या पेटीशी उभा होता, एक हात झाकणावर, दुसऱ्या हातात वीट.

"ऊन नाई," तो म्हणाला. "उघडायचं का झाकून ठेवायचं? तू सांग."

रुचीनं झाकणाची फट करून हात आत घातला. हवा कोमट होती, थोडी जड. तिनं आभाळाकडे पाहिलं. तिला घाई करायची नव्हती, आणि मामाही वीट हातात धरून थांबला होता.

"थोडं उघडू," ती म्हणाली. "वीट उभी नको, आडवी ठेवा."

मामानं वीट आडवी केली आणि झाकण तिच्यावर अलगद टेकवलं.