डाव्या गालावरचा व्रण

"वहिनी, मला आज-उद्या अटक होईल." ती वार्ताहर खुर्चीत टेकली आणि लगेच उठली. "पण ते वाक्य माझं नाही हो!"

सगळं शहर जिला वहिनी म्हणे, त्या खासगी शोधक बाईंनी वर्तमानपत्र पुढे ओढलं. त्यांचे दीर, बँकेतून निवृत्त झालेले भावोजी, चष्मा शोधत होते. तो कपाळावरच होता.

हेरखात्याने शेजारच्या देशात पेरलेली आपलीच माणसं वाऱ्यावर सोडल्याची ती बातमी होती. त्यात एक वाक्य : 'त्यांतला एक, डाव्या गालावर व्रण असलेला, तिथल्या बंदरावर घड्याळं दुरुस्त करतो.'

"नाव कुठंय यात?" भावोजींनी विचारलं.

"नाव लागत नाही. हेराची ओळख पटेल असं छापलं की गुन्हा. आणि बातमीवर नाव माझं आहे." तिने त्या वाक्यावर बोट ठेवलं. "तो बेपत्ता आहे, वहिनी. त्याची बायको माझा फोन उचलत नाही. ओळख लपवीन असा समोर बसून शब्द दिला होता मी त्याला."

वहिनी तिला आणि भावोजींना घेऊन तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या.

"त्या हेराचा फोटो मी काढला," छायाचित्रकार पुटपुटला. "उजव्या गालावर केवढा व्रण! इतर फोटोंबरोबर तोही चुकून पुढे गेला."

"फोटो नको म्हणून या मॅडमचा फोन आला, तसा मी तो पानावरून काढला," पान लावणारा म्हणाला. "माणूस पानाबाहेर बघत होता, म्हणून आधी आरशातल्यासारखा उलटा केला होता. त्या उलट्या फोटोसकट कच्चं पान संपादकसाहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. साहेब तेव्हा होते की नव्हते, ठाऊक नाही."

संपादक खोलीत येरझाऱ्या घालत होते. "नखाएवढ्या फोटोवरून आकाशपाताळ एक केलं तिने! मी तो पाहिलासुद्धा नाही. मजकूर तिचा, निस्तरायचं तिने."

"छपाईची चूक असेल," भावोजी कुजबुजले. "डावं-उजवं माझंही होतं."

"चूकच आहे, भावोजी. पण कोणाची?" वहिनींनी सगळ्यांना आत बोलावलं. "व्रण उजव्या गालावर आहे. वार्ताहर त्याच्यासमोर बसली होती, छायाचित्रकाराने तो डोळ्यांनी पाहिला. ते डावा लिहिणार नाहीत. पान लावणाऱ्याने फोटो स्वतःच उलटा केला, तोही फसणार नाही. फसेल तो फक्त उलटा फोटो पाहणारा. कच्चं पान कोणाच्या टेबलावर होतं? आणि संपादकसाहेब, न पाहिलेला फोटो नखाएवढा होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

संपादक मटकन बसले. "एकही खरा माणूस दिसला नसता, तर बातमी बनावट ठरली असती. नाव तर नाही ना टाकलं!"

"ते न्यायालयात सांगा."

"सुटलात बाई!" भावोजी म्हणाले. पण वार्ताहर जिना उतरून गेलीसुद्धा होती.

हेराच्या बायकोने दार उघडलं. डोळे सुजलेले, हातात अजून फोन.

"ते वाक्य मी लिहिलं नव्हतं."

"आत्ताच कळलं, तिकडे पकडलंय त्याला." बायकोचे शब्द सपाट होते. "जिवंत आहे. हेरखात्यात फोन केला, तर म्हणतात, असा कोणी माणूस आमच्याकडे नव्हताच."

बायकोने फोन बाजूला ठेवून तिला आत घेतलं.

"आता लिहा. नावासकट लिहा. नाव छापलं तर खात्याला हात झटकता येणार नाहीत."

या वेळी सुटका नव्हती. गुन्हा सरळसरळ तिचाच असणार होता. तिने पिशवीतून पेन काढलं.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.