साहेबांची बाई

खण्णकन डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत थेट कपाटाखाली गेलं. जुन्या दप्तरांच्या त्या खोलीत सकाळपासून कुणी शिंकलंही नव्हतं.

"बाई, इथे डबा खायला बंदी आहे," मागून आवाज आला.

"खातंय कोण?" तिने लेकीचा शाळेचा डबा पुढे धरला. आत भिंग होतं, रुमालात गुंडाळलेलं. "आणि मला बाई म्हणू नका. त्याच शब्दाशी भांडायला आलेय मी."

तो हसला. कानामागे कुंचला, बाह्यांवर वाळलेली खळ. फाटकी पानं सांधायचं काम करायचा म्हणून कचेरीतले सगळे त्याला डिंकराव म्हणत. तो सरळ पालथा पडला, कपाटाखालून झाकण ओढून काढलं, फुंकर मारून तिच्या हातात दिलं. "मग सांगा, भांडण कुणाशी?"

भांडण जुनं होतं. तिची आत्या घराण्याची वंशावळ छापायला देणार होती आणि तीत तिच्या खापरपणजीला जागा नव्हती. कुणा चुलत्याने कधीकाळी याच खोलीतून, साहेबाच्या राज्यातल्या एका दवाखान्याच्या नोंदवहीतून, एक ओळ उतरवून नेली होती. खापरपणजीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'साहेबांची बाई'. झालं! तेव्हापासून तिचं नाव निघालं की घरातली माणसं पाणी प्यायला उठायची. "घराण्याला बट्टा लावणारी ती, मिरवायची कशाला?" आत्या म्हणायची. नवरा गेल्यापासून चार वर्षं लेकीला एकटीने वाढवणाऱ्या तिला ते जरा जास्तच लागायचं. एकट्या बाईची अर्धी ओळ लोक किती झटकन पुरी करतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने वही उघडली. ओळ होतीच. साहेबांची बाई. भिंगातून तर ती आणखीच मोठी दिसली.

"खरंच आहे की..." ती पुटपुटली.

डिंकरावने पान अलगद उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. "थांबा हं. या कारकुनाला मी सहा वर्षं ओळखतो."

"तो तर कधीच वर गेला असेल!"

"म्हणून तर आमचं पटतं." तो खिडकीकडे वळला. "त्याचा ब असा नसतो. हा गोलाला चिकटलेला उभा दांडा बघा... फिका आहे ना? ही या बाजूची शाईच नाही." त्याने पान उलटलं. मागे रकान्याची उभी रेघ होती, नेमकी त्याच जागी. "तिकडची रेघ इकडे झिरपलीय. ती सोडून वाचा."

तिने बोटाच्या टोकाने रेघ झाकली.

"द... दाई." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "साहेबांची दाई! म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांची!"

शेजारच्या टेबलावरचे म्हातारे वकील दचकले. तिला त्याचं काही नव्हतं. ती रडत होती की हसत होती, हे डिंकरावला कळेना, म्हणून त्याने भिंगाचाच रुमाल पुढे केला.

पुढची पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. त्याने ती एकेक करून सोडवली. दर गुरुवारी ती अर्धी रजा टाकून यायची, शेजारी बसून नोंदी उतरवायची. प्रत्येक जन्मापुढे खापरपणजीचाच अंगठा. दोनशे सदतीस जन्म. त्यातलं एक बाळ तर खुद्द साहेबाच्या मडमेचं.

"अंगठेबहाद्दर होती हो तुमची खापरपणजी," तो म्हणाला.

"होतीच मुळी," ती मान ताठ करून म्हणाली. "बहाद्दरच होती."

पाचव्या गुरुवारी शेवटचं पान सुटलं. तो कुंचला धूत बसला... गरजेपेक्षा बराच वेळ.

"एक सांगू? ही पानं चार दिवसांत झाली असती."

"ठाऊक आहे."

"मग बोलला नाहीत?"

"मीही दर गुरुवारी भिंग इथेच विसरून जात होते," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, विसराळू आहे मी?"

त्याच्या हातातलं भांडं कलंडलं. खळीचं पाणी दोघांच्या पायांवर गेलं, आणि दोघांपैकी कुणीही पाय मागे घेतला नाही.

रविवारी तो वंशावळीसाठी मोठा कागद घेऊन तिच्या घरी आला. आत्याने नोंदी वाचल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "सगळ्यात वर लिही तिला. आणि अक्षर बारीक काढू नकोस मेले!"

तिने लिहिलं. ठसठशीत. पुढे, 'दाई'. सहा वर्षांची लेक कागदावर पालथी पडून रेघा मारत होती. आई-बापाकडून मुलाला जाते ती एक रेघ, नवरा-बायकोला जोडते ती दुहेरी, हे डिंकरावनेच तिला नुकतं शिकवलं होतं. आजोबा झाले, मामा झाले, बाबा झाले, ती स्वतःही झाली. मग आईच्या नावाच्या दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवून तिने मान वर केली.

"आई, डिंकरावकाकांना एक रेघ की दोन?"