नॉबच्या दांडीवरचा चिखल

दांडीवरचा चिखलाचा शिंतोडा मोहरीएवढा होता, पण त्याला केसासारखी बारीक शेपूट होती. दाक्षायणी हिरेमठांनी विमानातला कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब आत ढकलला. शिंतोडा दिसेनासा झाला. ओढला, पुन्हा दिसला.

उजव्या हाताचं प्लास्टर सांभाळत तेजश्री हँगरच्या दारातून पाहत होती. हिप्परग्याच्या तुरीच्या रानात तिनं हे विमान बंद इंजिनानं उतरवलं होतं. चूक तिची ठरली तर वैमानिकाचा परवाना जाणार होता. म्हणूनच तिनं या खासगी तपासनीस बाईंना बोलावलं होतं.

"अक्का, सोलापुरात इंजिनात बर्फ?" बाईंचा धाकटा भाऊ शिवकुमार हसला. "हितं माणसं उकडतात की!"

"श्रावणातली दमट हवा आहे, शिवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम गार पडते, तिच्यातलं बाष्प गोठतं. नॉब ओढला की गरम हवा जाते."

"मी ओढला होता," तेजश्री म्हणाली. "इंजिनाचे फेरे, आरपीएम, पडायला लागल्याबरोबर. पण इंजिन उलट जास्तच धापा टाकायला लागलं."

"मी पोचलो तेव्हा नॉब आत होता," मेकॅनिक भीमाशंकर म्हणाला. "दुपारी ट्रॅक्टर घेऊन गेलो. तोवर आतला चिखल पार वाळला होता. तसाही जमिनीवर नॉब बाहेर ठेवलेला मला खपत नाही. त्या गरम हवेला गाळणी नाही, आपल्याकडची धूळ थेट इंजिनात जाते."

रानाची मालकीण निंगव्वा म्हणाली, "बाईस्नी मीच भाईर काढलं. दार उघडंच व्हतं, आत समदा चिखल. उजवा हात लई लटकत व्हता. तेवढ्यात ह्यांचं मालक फटफटीवर आलं."

मालक म्हणजे तेजश्रीचा नवरा सिद्धांत, तिच्याच फ्लाइंग क्लबातला प्रशिक्षक. "मी दारातूनच पाहिलं. नॉब आतच होता. कशाला हात लावला नाही. तेजू ओढायला विसरली. घाबरलं की होतं असं."

क्लबचे प्रमुख शरणप्पा खाली बघू लागले. मुख्य प्रशिक्षकाचं पद त्यांनी सिद्धांतला सोडून तेजश्रीला देऊ केलं होतं. तिनं अजून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवसापासून सिद्धांत तिच्या चहात साखर घालायला विसरत होता, आणि चारचौघांत तिला 'मोठ्या मॅडम' म्हणत होता. ती हसून सोडून देत होती.

दाक्षायणी रुमालाला हात पुसत म्हणाल्या, "शिंतोडा दांडीच्या झाकल्या जाणाऱ्या भागावर आहे. म्हणजे विमान चिखलात शिरलं तेव्हा नॉब बाहेर होता. तेजश्री खरं बोलतेय. बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन आधी धापा टाकतंच. ते सावरायला उंची पुरली नाही."

"मग आत ढकलला कुणी? भीमाशंकरनं?" शिवकुमारनं विचारलं.

"शेपूट बघ. आत जाताना कडेला घासून ती उमटली, म्हणजे चिखल ओला असतानाच दांडी सरकली. भीमाशंकर आले तेव्हा तो वाळला होता. तेजश्रीचा हात मोडलेला. निंगव्वाला नॉब कशाचा, हेही ठाऊक नाही."

सिद्धांतचा चेहरा उतरला. "सवयीनं ढकलला असेल मी. जमिनीवर आलं की आपण सगळेच ढकलतो."

"म्हणजे तो बाहेर होता, हे तुम्हाला ठाऊक होतं," दाक्षायणी शांतपणे म्हणाल्या. "तरी सांगितलंत, ती विसरली."

"तिला शिकवलं कुणी?" सिद्धांत एकदम ओरडला. "मी! पहिल्यांदा विमानाचा दांडा धरायला मी शिकवलं हिला!"

"हो, तूच," तेजश्री म्हणाली. "नॉब वेळेवर ओढायलासुद्धा."

मग ती शरणप्पांकडे वळली.

"सर, मुख्य प्रशिक्षकाचं पद मी घेते."