मुद्गल पडला तिथं

निजामाच्या राजवटीतली १९४५ सालची संक्रांत. रेवणसिद्ध मास्तर परंड्याच्या सुतारआळीत शिरले, ते भर थंडीत घामानं भिजून. पहिल्याच दारात एक मुलगी पाटाला जवसाचं तेल चोळत बसली होती.

"शिवलिंगप्पा सुतार… इथंच राहतात?"

"व्हय. माझे वडील. काय मोडलं?"

"मोडलं न्हाय, दबलंय. व्यायामाचा मुद्गल निसटला हातातून… माडीच्या सागवानी फळ्यांवर."

मुलीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "पहिलवान का तुम्ही?"

"मास्तर. मदरशातला, सरकारी शाळेतला."

त्या मुलीला, चंद्रप्रभाला, हसू आलं, मास्तरांना मात्र रडू यायचं बाकी होतं. एकट्या पुरुषाला गावात कुणी जागा देत नव्हतं. घरमालक चन्नबसप्पांनी माडी दिली, तीही मोठ्या मिनतवारीनं. ते सोलापूरला सिद्धरामेश्वराच्या जत्रेला गेले होते, परवा परतणार होते. जागा गेली की गाव सोडावं लागणार…

त्याच दुपारी शिवलिंगप्पा लेकीला घेऊन माडीवर आले आणि भिंतीला टेकून बसले. काम लेकीनंच हातात घेतलं. खड्ड्यावर ओलं फडकं टाकून तिनं वर कोळशाची इस्त्री टेकवली. चुर्रर्र… वाफ उठली.

"अहो, जळंल की!"

"न्हाय जळत. दबलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं. दम धरा जरा, मास्तर."

चार वेळा वाफ दिल्यावर खड्डा वर आला. मग तिनं मेणात राळ, गेरू आणि चिमूटभर काजळ वितळवलं, ओरखड्यांत भरलं, वर फडक्यानं घासलं. घासताना बांगड्या कोपराकडं सरकवायची तिची लकब मास्तर बघत राहिले. मग त्यांची नजर शिवलिंगप्पांच्या, तिच्या आप्पांच्या, हातांवर गेली. मांडीवर ठेवलेले दोन्ही हात थरथरत होते.

निघताना ती जिन्यात मागं रेंगाळली.

"बाहेर बोलू नका… लोकांना वाटतं, आप्पाच काम करतात. कळलं तर कुणी बोलावणार न्हाय."

"मला काय ठाऊक? मी तर जमिनीकडं बघत होतो."

"खोटं! हातांकडंच बघत होता."

मास्तरांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी आप्पा भिंतीशी बसलेले आणि ती तेलाचा शेवटचा हात देत असतानाच जिना करकरला. चन्नबसप्पा! एक दिवस आधीच आले होते. अनवाणी पायांनी ते माडीभर फिरले आणि खिडकीपाशी थबकले.

"इथला चरा कुठं गेला? माझा वीस वर्षांचा!"

मुद्गलाच्या खुणांबरोबर चंद्रप्रभानं तोही बुजवला होता. मास्तरांनी मुद्गलाचं सगळं सांगून टाकलं. "चूक माझी, अण्णा."

"आणि बुजवलं कुणी?"

आप्पांनी मान खाली घातली. चंद्रप्रभा उठून उभी राहिली.

"म्या. आप्पांचे हात चालत न्हाईत आता… सगळं मीच करते."

चन्नबसप्पा वाकले, फळीवरून तळवा फिरवला.

"अहो, हा चरा मी पाडला होता, नवी पेटी ओढताना. वीस वर्षं आमची कारभारीण उमाबाई तेवढंच ऐकवतीय. सुटलो बघा!" ते खदखदून हसले. "शिवलिंगप्पा, लेकीचं काम लपवता कशाला? पोरी, सोमवारपासून माझ्या दुकानाची माडी घे करायला. आणि मास्तर… मुद्गल खाली अंगणात!"

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. मास्तर मटकन फळीवर बसले.

"उठा की, तेल ओलं हाय!" चंद्रप्रभा ओरडली.

धोतराला भला मोठा डाग. सगळेच हसले. चन्नबसप्पा आप्पांना हात देत, दुकान दाखवायला खाली घेऊन गेले. ती तेलाचं फडकं आवरू लागली.

"चंद्रप्रभा… आप्पांना एक विचारायचंय. तुमच्याबद्दल."

"आप्पांना नंतर विचारा." तिनं मान वर केली नाही. "आधी… मला विचारा."

मास्तरांनी विचारलं. इतक्या हळू, की तिला जवळ यावं लागलं.

"व्हय," ती म्हणाली. मग हसली. "पण आमचे आप्पा माझ्यासंगं राहतील."

"दोघांनाही जागा आहे की माडीवर," मास्तर म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पोटभर श्वास घेतला.