धक्क्यावरचा बाक

तिसरा रोल धुऊन आला होता, म्हणून तो दुपारीच काम आटोपून स्टुडिओत गेला. त्याचं काम कवळ्या बनवण्याचं. मेण, साचा, घासणं, पुन्हा घासणं. घाई चालत नाही त्यात, म्हणून माणूसही चिवट झालेला. मामा गेले तेव्हा त्यांचा जुना डबा कॅमेरा याच्याकडे आला. मेहुणा तो हातात घेऊन म्हणाला होता, "भाऊजी, भंगारवालासुद्धा घेणार नाही हा." झालं. याच डब्याने रात्रीचा एक तरी फोटो असा काढायचा की मेहुण्याची बोलती बंद झाली पाहिजे, असं याच्या डोक्यात बसलं.

पण पहिला रोल उजेड शिरून काळा पडला. दुसऱ्यात सगळंच हललेलं. बायको म्हणाली, "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण झोपेला असतं हो."

स्टुडिओवाला मात्र आज खुशीत होता. "साहेब, या वेळी जमलं. आणि वहिनींना बसवलंत काय कमाल! केससुद्धा हलला नाही त्यांचा."

"वहिनी? कुठे?"

फोटोत नदीचा जुना धक्का होता. पूल झाल्यापासून तिथे नाव लागत नाही. एक दिवा, सिमेंटचा एक बाक, मागे काळं पाणी. आणि बाकावर एक बाई बसलेली होती, शाल घेऊन, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

आता रात्रीच्या फोटोची गंमत अशी, की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात समोरून कुणी चालत गेलं तर त्याचा मागमूस राहत नाही. जरा थबकलं तर धुरकट डाग पडतो. स्वच्छ उमटायचं तर अजिबात हलायचं नाही. आणि हा तर सारा वेळ कॅमेऱ्यामागे उभा होता. बाक रिकामा होता.

त्याला भीती नाही वाटली, राग आला. एवढी रात्र जागवली, डास खाल्ले, आणि फोटो नेमका कुणीतरी नासवावा?

घरी बायकोने त्याचं कामाचं भिंग घेऊन फोटो बराच वेळ पाहिला. "शाल माझीच दिसते," ती म्हणाली. मग हसली. "अहो, बसली असेल कुणी. तुमचं लक्ष असतं कुठे?"

तो पुन्हा गेला. या वेळी बाकावरची नजर काढली नाही त्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाकावर कुणी आलं नाही. आणि रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोत ती होती. तशीच, स्वच्छ.

"मला रिकामा धक्का हवाय," तो जेवता जेवता म्हणाला. "एवढं साधं मागणं. तेही नशिबात नाही."

"तोंड पाडून बसू नका. आज मी येते," बायको म्हणाली. "मी तुमच्याजवळ उभी राहीन. मग बघू बाकावर कोण बसतंय."

धक्क्यावर चिखलाचा आणि कुजलेल्या दोरांचा वास होता. पायऱ्यांखाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. त्याने कॅमेरा ठोकळ्यावर बसवला, शटर उघडलं. बायको त्याच्या कोपराला धरून उभी होती.

बऱ्याच वेळाने ती कुजबुजली, "मला बोलावतायत..."

"कोण?"

"तिथे..."

"हलू नकोस. धक्क्याची फळी हलते पायाखालची, कॅमेराही हलेल."

तिने कोपर सोडलं. सावकाश चालत गेली आणि बाकावर बसली. त्याने हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण शटर उघडं होतं. आता पुढे धावलो तर हाही फोटो गेला, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दात-ओठ खात उभा राहिला. वेळ पुरा झाला तेव्हाच त्याने शटर मिटलं.

"ये आता," तो म्हणाला.

ती उठून आली. शेजारी उभी राहिली. त्याने रिकाम्या बाकाचा आणखी एक फोटो घेतला. तेवढ्या वेळात ती चकार शब्द बोलली नाही, पाय बदलला नाही, डास हाकलला नाही. परतताना त्याने तिचा हात धरला. गार होता, ओला होता. घरी आल्यावर ती खिडकीपाशी बसली. सकाळी तो उठला तेव्हाही ती तिथेच, तशीच.

फोटो आले तेव्हा तो दुकानाच्या पायरीवरच खाली बसला. पहिल्या फोटोत बाकावर दोघी होत्या, खांद्याला खांदा लावून. दुसऱ्यात, बायको त्याच्या शेजारी उभी होती त्या फोटोत, बाकावर एकटीच बाई होती, आणि ती हललेली होती. चेहरा पुसटलेला, तोंडाच्या जागी काळा ठिपका, हातांच्या जागी नुसते पांढरे फराटे. लांबून कुणाला तरी जिवाच्या आकांताने हाका माराव्यात, हात हलवावेत, तसे.

"हा वाया गेला साहेब," स्टुडिओवाला हळहळला. "फार हलल्या या."

तो तिथूनच धक्क्यावर धावत गेला. भर उन्हात बाक मोकळा होता. त्याने सिमेंटवर हात फिरवले, बायकोला हाका मारल्या. मासे धरणारे दोघे वळून पाहू लागले. मेहुण्याला बोलावून घेतलं, तर तो बहिणीशी गप्पा मारून आला आणि म्हणाला, "ताई तर अगदी शांत झालीय. तुम्हीच जरा विश्रांती घ्या."

मग तो रोज रात्री जाऊ लागला. दुसरं काही सुचतच नव्हतं. बायको दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती, फक्त त्या डब्यात उमटत होती. शटर उघडं ठेवून तो बाकाशी बोलत बसे. "मी आहे इथे. दम धर." पण काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. आणि नव्या प्रत्येक फोटोत हातांचे फराटे कमी होत होते. चेहरा ओळखू येऊ लागला होता. एकात तिचं तोंड मिटलेलं होतं. त्यानंतरच्यात एक हात मांडीवर होता.

परवाचा रोल त्याने धुवायला टाकलाच नाही. टेबलावर पडू दिला.

काल संध्याकाळी तो कवळी घासत बसला होता. खिडकीपाशी बसलेली ती, मान न वळवता, हळूच म्हणाली, "टाकून या ना धुवायला. आता त्यात हललेलं काही नसेल."