सत्तावीस नंबरची मोजणी

त्या मंगळवारी दुपारी बारा पन्नासला सत्तावीस नंबरच्या खोलीच्या दारात काय घडले, हे सुचित्राने पाहिलेले नाही. ती तेव्हा दादरला औषधाच्या दुकानासमोर रांगेत होती आणि दाराच्या कुलपाची एकुलती एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

लालबागच्या चाळीतली ही खोली मालनआत्याच्या नावावर होती. अर्धांगवायूने आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा सुचित्रा तिच्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षे झाली. आता चाळ पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. आत्याच्या पश्चात हक्क कोणाचा, हे तिच्यासोबत कोण राहते यावर ठरणार होते. आणि सुचित्राचे नाव रेशनकार्डावर कधी चढलेच नव्हते. चुलतभाऊ हितेंद्र तर तोंडावर म्हणे, "तू पाहुणी गं. मुक्काम जरा लांबला, एवढंच."

चाळीत राहणाऱ्यांची मोजणी बुधवारी होती. म्हणून मंगळवारी औषधे आणून ठेवावीत, असा तिचा हिशेब. अकराला निघताना तिने नेहमीप्रमाणे म्हटले, "आत्या, येते गं."

चादरीतून नेहमीसारखा हुंकार आला, "हं..."

आत्याला उठून कडी घालता येत नसे. सुचित्राने बाहेरून कुलूप लावले.

दोन वाजता ती जिना चढली, तर शेजारच्या नलूमावशी गॅलरीत उभ्या. "अगो, होतीस खंय? मोजणीवाले आजच येऊन गेले! बंद खोल्यांवर रिकाम्या म्हणून फुल्या मारल्यानी."

सुचित्रा धावलीच. कुलूप जसेच्या तसे होते. दारावर फुली मात्र नव्हती. खडूने नीट लिहिले होते: राहणारे, दोन.

आत शाईचा उग्र वास होता. आत्या हनुवटीपर्यंत चादर घेऊन निजली होती. सुचित्राने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच मागे घेतला.

"पहाटेच गेल्या," बोलावून आणलेले डॉक्टर म्हणाले. "निदान दहा तास झालेत."

"अकरा वाजता बोलली माझ्याशी..."

दमलेल्या माणसाकडे पाहावे तसे डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. संध्याकाळी अंघोळ घालताना आत्याच्या डाव्या अंगठ्यावरची जांभळी शाई काही केल्या निघाली नाही.

पंधरा दिवसांनी खोलीच्या हक्काची सुनावणी झाली. हितेंद्रने मृत्यूचा दाखला टेबलावर आपटला. "पहाटे मेलेल्या बाईनं दुपारी अंगठा दिला? आणि खोलीला कुलूप होतं, शेजारी सांगतात!"

मोजणी करणारा गौतम गोंधळला. "आजी दारात स्टुलावर बसल्या होत्या, साहेब. म्हणाल्या, 'पोर औषध आणायला गेलीय. अकरा वर्षं इथंच झोपते ती... तिचं नाव लिही. तेवढ्यासाठी थांबलेय.' मी लिहिलं. कुलपाकडे माझं लक्ष नव्हतं. फोटो आहे ना!"

हितेंद्रने गौतमचा मोबाईल हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि दाखल्याची घडी घालून खिशात घातली.

"लिहा," तो हळूच म्हणाला. "तिचंच नाव लिहा."

खोली सुचित्राच्या नावावर लागली. त्या फोटोची प्रत तिच्या फाइलमध्ये आहे. वर वेळही छापलेली आहे, बारा पन्नास. आत्या स्टुलावर ताठ बसली आहे, डावा अंगठा पुढे केला आहे. सुचित्राने तो फोटो भिंगाखाली धरून पाहिला आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

आत्या गॅलरीत बसली आहे. तिच्या पाठीमागे दार बंद आहे, आणि कडीला कुलूप आहे.